खिंडीचा पैरा

११ फेब्रुवारी १९४६, सोमवार

आज पुन्हा चहाला रॉकेलचा वास.

महायुद्ध संपलं, पण माझ्या कपातलं रॉकेल मागे हटायला तयार नाही. कारण साधं आहे. रेशनची साखर आणि रॉकेलचा डबा ही दोघं पाटणहून एकाच तट्टाच्या पाठीवरून, एकाच गोणीत, अंगाला अंग लावून येतात. सडक आमच्या वाडीपासून दोन कोसांवर. मध्ये खिंड. खिंडीतून गाडी येत नाही. येतो तो सिकंदर आणि त्याची चार तट्टं. मीठ, साखर, टपाल, साताऱ्याचं साप्ताहिक – सगळं त्याच्याच गोणीतून. साप्ताहिकात माझं सदर असतं. मागच्या खेपेला माझ्याच लेखाला इतका वास होता, की काडी लावली असती तर भडकला असता. वाचकांच्या हातात तो अजून एकदाही भडकलेला नाही.

बायको म्हणाली, “आवं, गूळ घाला की चहात. दारात गुऱ्हाळ चाललंय.”

अंजनाला कसं सांगावं? पुण्यात छापखान्यात निम्मं आयुष्य मुद्रितं तपासण्यात गेलं. पोटाचं दुखणं घेऊन गावी परतलो. साखरेचा चहा ही त्या नागर आयुष्यातली शेवटची खूण. तीही गेली, तर मी आणि माझा चुलतभाऊ कृष्णात यांत फरक तो काय राहिला? तो शेती तरी करतो.

रस्ता झालाच पाहिजे. लेख लिहायला घेतला आहे.

२३ फेब्रुवारी, शनिवार

रस्ता मंजूर! जिल्हा लोकल बोर्डातल्या कुणीतरी माझा लेख वाचला म्हणे. (कृष्णात म्हणतो, तो तीन वर्षं साताऱ्याला अर्ज घेऊन हेलपाटे घालतो आहे. घालत असेल. पण इतिहास लिहिणाराच लिहितो.)

बोर्ड सुरुंगाची दारू, पहारी आणि एक ओव्हरसियर देणार. अंग गावाचं. म्हणून चावडीवर बैठक झाली. ज्योतिबाआबा – वाडीतले सर्वांत जुने पंच, बोलतात कमी, पान खातात फार – त्यांनी ठरवलं की काम पैऱ्यानं करायचं. पैरा म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. आज मी तुझ्या रानात राबतो, उद्या तू माझ्या रानात राबून ते फेडायचं. पैशाला त्यात जागा नाही. रस्ता सगळ्यांचा, तेव्हा रोज प्रत्येक घरातून एक माणूस. स्वतः या, मुलगा पाठवा, बदली गडी पाठवा. घराची पाळी चुकता कामा नये.

मी उठून चार शब्द बोललो. ‘श्रमाची प्रतिष्ठा’ हा शब्द दोनदा आला. मागून कृष्णात म्हणाला, “नाना, तू स्वतः येनार न्हवं?”

मी म्हणालो, अर्थात.

२४ फेब्रुवारी, रविवार

पाठ दुखते आहे. चावडीवरून आल्यापासून.

५ मार्च, मंगळवार

कामाला तोंड लागलं. पहिला सुरुंग उडाला तेव्हा मी खाटेवर आडवा होतो. छपरातून माती पडली ती नेमकी कागदावर. ‘घाम आणि मुरूम’ असा लेख लिहीत होतो. झोपून लिहिल्यामुळे अक्षर घामेजल्यासारखं आलं, ते विषयाला धरून झालं.

माझी पाठ सरकारी सुट्टीसारखी आहे. केव्हा लागू होईल ते वरून ठरतं. घराच्या पाळीवर आमचा गडी ज्ञानू जातो आहे. मी अंजनाला तसं सांगूनच ठेवलं होतं.

संध्याकाळी काम सुटताना गावची दवंडी पिटणारा गुंडा तराळ खिंडीच्या तोंडाशी उभा राहून घरांची नावं पुकारतो. ज्या घराचा माणूस आलेला असेल त्यानं “हाय” म्हणायचं. वारा इकडचा असला तर ते परसापर्यंत ऐकू येतं. माझं घर पुकारलं की मी कान टवकारतो. “हाय” असं आलं की मन भरून येतं. वाटतं, आपण काही अगदीच वाया गेलेलो नाही.

९ मार्च, शनिवार

हल्ली तट्टांबरोबर सिकंदरची आई येते, सुगराबी. सत्तरीची असेल, पण तट्टांना अशा शिव्या देते, की तीही पाय उचलून चालतात. विचारलं, सिकंदर कुठं? म्हणाली, “त्यो कामाला हाय.”

कुठल्या, ते मी विचारलं नाही. लेखकानं फार प्रश्न विचारले, की लिहायला वेळ उरत नाही.

१४ मार्च, गुरुवार

संध्याकाळी सिकंदर आला. पायापासून डोक्यापर्यंत तांबडी धूळ. मला वाटलं, तट्टांबरोबर लोळला असेल. ओट्याच्या कडेला बसला, बराच वेळ टोपी झटकत राहिला.

“आवं नानासो, मोटर थेट वाडीपतुर येनार म्हनं.”

“पावसाळ्याआधी येणार.”

“मग माजी तट्टं काय करत्याल?”

मी म्हणालो, तट्टांनाही मोटारीत बसवू, तिकीट अर्धं पडेल. तो हसला. त्याचं हसणं संपलं तेव्हा मला जरा गप्प बसावंसं वाटलं. तेवढा एक विनोद मी आज वाचवू शकलो असतो.

मग त्यानं खरी गोष्ट काढली. आपला रस्ता जिथं सडकेला मिळतो, त्या नाक्यावर जांभळीखाली गावकीची जागा आहे, एका दुकानापुरती. मोटार तिथं थांबणार. “तिथं एक छप्पर घालायला मिळालं, तर चहा, चिरमुरं, रॉकेल, मीठ इकीन. तट्टं तर इकावीच लागनार. आई हाय, दोन पोरी हाईत. तुमी ज्योतिबाआबांना एक शबुद सांगा. तुमचं ऐकत्यात.”

ज्योतिबा माझं ऐकतात ही बातमी मला नवीन होती, पण नाकारण्याइतका मी विनयशील नाही. सांगतो म्हणालो.

१८ मार्च, सोमवार

शिमगा. पोरांनी माझ्या दारात येऊन बोंब मारली, “नानाची पाठ, लोण्याचा माठ!” यमक बरं आहे. कुणी रचलं ते कळलं तर साप्ताहिकात घेईन.

२९ मार्च, शुक्रवार

ज्योतिबांशी बोलायचं राहूनच गेलं. एक लेख होता, मग पोट बिघडलं, मग दुसरा लेख. तोवर सिकंदर स्वतःच त्यांच्याकडे गेला. आज अंजनाकडून कळलं.

ज्योतिबा त्याला म्हणाले, नाक्याची जागा रस्त्याला राबलेल्या घराला. ज्याची एकही पाळी चुकली नाही, त्याची जागा. आणि तुझं घर तर पुकारतच नाहीत. तुला शेत नाही. पैरा केलास तरी तो तुझ्या कुठल्या रानात येऊन फेडायचा? ज्याला फेडता येत नाही त्याच्याकडून घ्यायचा नाही, ही वाडवडिलांची रीत.

म्हणजे हे बघा – आमच्या वाडीत एखाद्याला फुकट राबायचा अधिकार मिळवायलासुद्धा आधी सातबारा लागतो! मला हे वाक्य इतकं आवडलं, की दिवसभर तेच घोळवत राहिलो. पुढच्या लेखाची सुरुवात झाली.

सिकंदरचं काय, ते लेखात शेवटी बघू.

१३ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस जपून ठेवण्यासारखा आहे.

ज्योतिबाआबा स्वतः माझ्या दारात! पान थुंकून, घसा साफ करून म्हणाले, “नानासो, खोटं कशाला बोलू, तुज्याबद्दल माजं मत बरं नव्हतं. पर सगळ्या वाडीत एका तुज्या घरची पाळी चुकली न्हाई. कृष्णातनं भैनीच्या लग्नात चार दीस बुडवलं. बाकीच्यांचं तर सोडच. नाक्याची जागा रीतीनं तुजी. सोमवारी चावडीवर सांगतो.”

ज्ञानू, ज्ञानू! इतका राबलास, आणि मला वाटत होतं, तू खिंडीत करवंदाच्या जाळीखाली झोपतोस.

कृष्णातला नाक्यावर चहाचं दुकान घालायचं होतं. गेलं ते त्या बुडवलेल्या चार दिवसांत. आता तिथं मी वाचनालय काढणार. आत एका बाजूला चहा – साखरेचा. पाटी मनात तयार आहे. जेवताना अंजनाला पाटी वाचून दाखवली. ती भाकरी थापत राहिली. म्हटलं, आनंद झाला नाही का?

“झाला की,” ती म्हणाली. “उद्या एकडाव खिंडीत जावून या. तुमचा रस्ता हाय, बगितला पायजे.”

१४ एप्रिल, रविवार

गेलो. टोपी, उपरणं, हातात काठी. लेखक आपला रस्ता पाहायला निघाला.

खिंड ओळखू आली नाही. जिथं तट्टं एकामागं एक जायची तिथं दोन गाड्या जातील एवढी वाट फोडली आहे. खडीवर तांबडा मुरूम, त्यावर बायका ओढ्यातून पाणी आणून शिंपत होत्या, आणि दगडी रूळ माणसं ओढत होती. ऊन कलतं होतं तरी रूळ ओढणाऱ्यांच्या पाठी ओल्या होत्या. ज्ञानू कुठं दिसेना.

काम सुटलं. गुंडा तराळ धोंड्यावर चढला आणि पुकारू लागला. कृष्णातचं घर – “हाय.” भाऊसोचं घर – “हाय.” मग, “नानासोचं घर!”

मी छाती भरून श्वास घेतला. आज प्रत्यक्ष उभा होतो. “हाय” म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात रुळाच्या मागून कुणीतरी म्हणालं, “हाय.”

सिकंदर होता. खांद्यावर दोराचा वळ, तोंडावर मुरमाची भुकटी. मला बघून त्यानं नजर खाली घातली, जणू चोरी त्याचीच पकडली गेली.

कुणालाच नवल वाटलं नाही. सगळ्या वाडीला ठाऊक होतं. त्यांना वाटत होतं, मीच त्याला बदली दिला आहे.

घरी आलो. अंजना चुलीपुढं.

“ज्ञानू कुठं असतो?”

“गुऱ्हाळावर. आता उसाच्या भरणीवर. दुसरं कोन बगनार, तुमी?”

“आणि सिकंदर?”

“पयल्याच दिवशी आला हुता. म्हनला, वैनी, माजं घर पुकारत न्हाईत. तुमच्या घरच्या नावानं हुबा ऱ्हावू का? रस्ता तर हुनारच, निदान माजाबी हात लागू दे. मी व्हय म्हनलं. रोज भाकरी कुनाची बांदते मी, बगितलंय कदी?”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय? लेख लिवला असता.”

आत आलो. टेबलावर परवाचा लेख होता, फुकट राबायच्या अधिकाराचा. वाक्य अजूनही चांगलं आहे. तेच तर वाईट.

गुंडा तराळ सगळ्यांची घरं पुकारतो. त्याचं स्वतःचं घर कधी कुणी पुकारलेलं ऐकलं नाही, हेही आज ध्यानात आलं. उशिरा ध्यानात येणं हा आमचा घरंदाज गुण.

१५ एप्रिल, सोमवार

सकाळपासून विचार केला. कुणी तक्रार केलेली नाही. सिकंदर आता जागा मागत नाही, ज्योतिबा मला देऊ करताहेत. बदली गडी चालतो असा नियमच आहे. गप्प बसलो तर वाचनालय माझं. पुण्यात मुद्रितं तपासताना मालक म्हणायचे, चूक वाचकाला दिसत नसेल तर ती चूक नव्हे. मी मालकांना कधी उलट बोललो नाही.

चावडीवर गेलो. सिकंदर पायरीखाली उभा. आत येत नाही तो, कुणी ये म्हणतही नाही. ज्योतिबांनी जाहीर केलं. कृष्णात माझ्याकडं बघत होता, त्याच्या तोंडावर अजून मुरूम होता.

मी उठलो. भाषण मनात होतं, ‘न्याय’ हा शब्द तीनदा. तोंडातून निघालं ते एवढंच, “त्या पाळ्या माझ्या नव्हेत. मी सिकंदरला बदली दिलेला नाही. मला ठाऊकच नव्हतं. तो स्वतःचा राबला.”

कृष्णात लगेच, “म्हंजे नानाचं घर पुरतंच बुडालं. मग मागनं माजंच घर येतंय.”

“सिकंदरचं येतं,” मी म्हणालो.

“त्येला रान हाय का? त्येचा पैरा फेडनार कुठं? उगा रीत मोडू नगोस. तुला काय, तू लिवून मोकळा.”

कृष्णात वाईट माणूस नाही. खिंडीत तो राबला आहे, मी नाही. त्याचं बोलणं तोडायला माझ्या हातावर एक फोडसुद्धा नव्हता.

ज्योतिबा पान चघळत राहिले. शेवटी म्हणाले, “रीत मोडायचं कारन न्हाई. रीत काय म्हनती? ज्येचा पैरा कुनीतरी फेडला, त्यो पैऱ्यात. सिकंदरचा आजवर कुनी फेडला न्हाई, म्हनून त्यो भायेर. एका घरानं जरी फेडला तरी त्यो आत आला. आत आला तर पाळ्या त्येच्या. पाळ्या त्येच्या तर नाका त्येचा.”

“आनि फेडायचा कुठं? त्येच्या कपाळावर?” कृष्णात.

“काम काय रानातच असतंय व्हय? तट्टं हाईत न्हवं त्येची?” मग माझ्याकडं वळून, “गडी पाटवून चालायचं न्हाई, नानासो. त्येनं अंगानं केलंय, अंगानंच फेडायचं. एक दीस फेडलास तरी बास, बाकीचं जन्मभर चालत ऱ्हातंय. आनि फिटलं का न्हाई ते तू सांगायचं न्हाईस. त्येनं सांगायचं.”

“नाना आनि मुरमाची पाटी!” कृष्णात मागच्यांना म्हणाला. “पाटी लांबनं दिसली तरी नाना वाट बदलतोय.”

चावडी हसली. मीही हसलो. पायरीखाली सिकंदर हसला नाही.

गुंडाचं घर कोण पुकारणार, हे विचारायचं माझ्या मनात आलं होतं. विचारलं नाही. माझ्या धैर्याची एका दिवसाची मजल तेवढीच.

१६ एप्रिल, मंगळवार

पाठ दुखते आहे. या खेपेला खरंच. अंजनाला सांगितलं, तिनं तेल गरम करून ठेवलं आणि म्हणाली, “चोळते. म्हंजे उद्या वाकता यील.”

दुपारी सिकंदर येऊन गेला. परसाकडून आला, कुणी बघू नये म्हणून. “नानासो, तुमी येऊ नगा. लोक हसत्याल तुमाला. मी आपला तट्टं इकून कराडला हमाली करीन.”

“आणि आई?”

त्यानं टोपी काढून झटकली.

“लोक मला हसण्याची मला सवय आहे,” मी म्हणालो. “त्यावरच माझं पोट चालतं. काम काय आहे ते सांग.”

“काम म्हंजे... तट्टांच्या खालची लीद हाय. शिमग्याच्या आदीपास्नं काडली न्हाई. मला येळच कुठं मिळाला?”

खरं आहे. माझ्या पाळ्या भरायला गेला त्याचा वेळ.

१७ एप्रिल, बुधवार

बोटं वळत नाहीत, म्हणून थोडक्यात.

उजाडता गेलो, कुणाला न सांगता. लीद खणून काढली, पाटीनं उकिरड्यावर वाहिली. मग ओढ्याकडचा मुरूम आणून तट्टांच्या खाली टाकला, पाणी मारून चोपला. सुगराबी दिवसभर मोडक्या बाजेवर बसून बघत होती. “पाटी डोक्यावर घ्या, पोटावर न्हाई.” एवढंच बोलली. दुपारी तिनं भाकरी आणि लसणाची चटणी दिली. शेजारी बसून मीही खाल्ली, सिकंदरनंही.

दिवेलागणीला तो चावडीवर गेला. मी मागून. पायरीपाशी क्षणभर थांबला, मग वर चढला.

“आबा, नानासोंचं फिटलं,” म्हणाला.

ज्योतिबांनी पान संपवलं. कृष्णात बसला होता. माझे हात बघितले त्यानं.

“बरं,” ज्योतिबा म्हणाले. “उद्या वढ्यात दगड बसवायचं हाईत, सिकंदर. तुज्या घरचं कोन येनार?”